शारीरिक शिक्षकाची द्विविध भाषा

शालेय अभ्यासक्रमात आरोग्य व शारीरिक शिक्षण हे विषय एकत्र येतात आणि बहुधा एकाच शिक्षकाकडे सोपविले जातात. त्यांची भाषा मात्र एक नाही. पुणे येथे महाराष्ट्रीय मंडळाने १९७७ साली स्थापिलेल्या चंद्रशेखर आगाशे शारीरिक शिक्षण महाविद्यालयासारख्या संस्था असे शिक्षक घडवितात. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनी बी. पी. एड. हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला. या अवधीत छात्राध्यापकाला दोन्ही भाषा आत्मसात कराव्या लागतात.

मैदानावरील आज्ञेचे दोन अंश असतात: सूचक व कार्यवाचक. ‘उजवीकडे’ या शब्दाने मन सिद्ध होते, ‘वळ’ या शब्दाने शरीर हलते. मधला विराम हा त्या सिद्धतेचा काळ होय. मराठीत क्रियापद सामान्यतः वाक्यान्ती येत असल्याने हा क्रम भाषेच्या प्रकृतीशी जुळतो. विराम गाळला की दिशा उमगण्यापूर्वीच हालचाल करावी लागते व रांग विस्कटते. दोष मुलांना लागतो. वस्तुतः तो उच्चारणाचा असतो.

आरोग्याच्या तासाला हीच आज्ञार्थी रीत अपुरी पडते. ‘हात धुवा’ ही आज्ञा शिक्षकासमोर पाळली जाते. सवय मात्र त्याच्या गैरहजेरीत टिकावी लागते. तेथे ‘कारण’, ‘म्हणून’, ‘जर–तर’ यांनी जोडलेली वाक्ये हवीत. सराव पाठांच्या निरीक्षणात कौशल्याबरोबर वाक्यरचनेचीही नोंद व्हावी, ती याचसाठी.