मुंबईहून गोव्यास : आगबोट, मोटार की आगगाडी?

लामत्यासारख्या वनप्रदेशातील गावी बसून समुद्रकाठच्या प्रवासाची चर्चा करणे काहीसे विनोदाचे वाटेल. तथापि आमच्या व्यापारी बंधूंपैकी पुष्कळांचे मुंबईस जाणेयेणे असते. काम उरकल्यावर कुटुंबासह गोव्यास जाण्याचा बेत निघाला की, जावे कशाने, हा प्रश्न उपस्थित होतो. २०१५ साली थांबलेल्या अडीच फुटी रुळांच्या लहान गाडीतून ज्यांनी उमेदीची वर्षे प्रवास केला, त्या आम्हांस वेगाचे अप्रूप असणे स्वाभाविक आहे. परंतु या मार्गावर केवळ वेग पाहून भागत नाही.

पूर्वी हा प्रवास आगबोटीचा असे. भाऊच्या धक्क्यावरून निघून रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत बोट पणजीस जाई, आणि पावसाळ्यात ही वाहतूक बंद राही. २०१८ मध्ये ‘आंग्रिया’ ही विहारनौका मोठ्या थाटात सुरू झाली, पण तीही टिकली नाही. विमान सव्वा तासात पोहोचविते. २०२३ च्या जानेवारीपासून दाभोळीच्या जोडीस मोप्याचा विमानतळही झाला. मात्र मालाच्या नमुन्यांच्या पेट्या घेऊन हिंडणाऱ्यास विमान सोयीचे नाही.

मोटारीने अंतर सुमारे सहाशे किलोमीटर पडते. २०११ मध्ये आरंभिलेले महामार्गाचे चौपदरीकरण दशकाहून अधिक काळ रेंगाळले. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीच्या पुरात जुना पूल वाहून गेला आणि त्याबरोबर उतारूंनी भरलेल्या एस. टी. गाड्याही गेल्या. पावसाळ्यात रात्री या रस्त्याने कुटुंबास नेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

उरली आगगाडी. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला. रत्नागिरीजवळचा कारबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरांचा आहे. २०२३ च्या जूनमध्ये सुरू झालेली ‘वंदे भारत’ गाडी कोरड्या ऋतूत मुंबईहून पहाटे निघून पावणेआठ तासांत मडगावास पोहोचते. सूर्यास्तापूर्वी भोजन करणारांस ही दिवसाची गाडी विशेष सोयीची. पावसाळ्यात मात्र तिलाच सुमारे दहा तास लागतात व तिच्या फेऱ्याही कमी होतात.

या विलंबाबद्दल कुरकुर आम्ही पुष्कळ ऐकतो. वास्तविक २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ दरड कोसळून गाडी घसरली आणि पन्नासांहून अधिक जीव गेले. पुढच्याच वर्षी जूनमध्ये ‘मत्स्यगंधा’ गाडीस अपघात झाला. त्यानंतर पावसाळी वेग कमी करण्यात आला, कापलेल्या डोंगरांवर जाळ्या बसविल्या गेल्या आणि रात्रंदिवस गस्त वाढली. ते दोन-अडीच तास आम्ही तरी आनंदाने देऊ.

मालाची गोष्ट निराळी. १९९९ पासून भरलेल्या मालमोटारी चालकासह सपाट वाघिणींवर चढवून रायगडमधील कोलाडहून गोव्यातील वेर्ण्यास नेतात. डिझेल व टायर यांची झीज वाचते आणि घाट टळतात. मुंबईकडे माल पाठविणाऱ्या आमच्या बंधूंपैकी फारच थोड्यांना ही सोय ठाऊक आहे.

दिवाळीनंतर जावयाचे असल्यास साठ दिवस आधी, आरक्षण उघडताच, तिकिटे घ्यावीत. मागाहून मिळणे कठीण.