छपराचा रंग आणि सावलीतला गारवा

मुंबई-नाशिक महामार्ग आणि ठाणे-भिवंडी रस्ता यांच्या परिसरात माणकोली, वळ, पूर्णा, राहनाळ, काल्हेर या गावांतून पसरलेली गोदामे आणि शहरात दाटीने उभे असलेले यंत्रमागांचे कारखाने यांवर भिवंडीचा संसार चालतो; परंतु या व्यवसायांतील बरीच माणसे पक्क्या इमारतीत नव्हे, तर तिच्या बाहेर, माल चढवण्या-उतरवण्याच्या धक्क्यावर, ट्रक उभे राहतात त्या आवारात किंवा चहाच्या टपरीसमोर दिवस काढतात. त्यांच्या डोक्यावरची सावली म्हणजे बहुधा बांबूंवर ताणलेली निळी ताडपत्री, हिरवी शेडनेट किंवा रंग उडालेला पत्रा असतो. ही सावली कोणत्या रंगाची असावी, याचा निर्णय दुकानात जे हाताशी मिळेल त्यावरून होतो. त्या निर्णयाचा खाली बसलेल्या माणसाच्या अंगावर होणारा परिणाम मात्र विचारात घेण्याइतका मोठा असतो.

निरभ्र दुपारी सूर्यासमोरच्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला सुमारे १००० वॅट एवढी ऊर्जा पडते. यातील साधारण निम्मा भाग डोळ्यांना न दिसणाऱ्या, तांबड्या प्रकाशापलीकडच्या अवरक्त किरणांचा असतो, थोडासा भाग अतिनील किरणांचा असतो आणि उरलेला भाग आपल्याला प्रकाश म्हणून दिसतो. एखादा पृष्ठभाग या साऱ्या ऊर्जेपैकी किती भाग परत फेकतो, त्याला परावर्तनक्षमता म्हणतात. चांगला पांढरा रंग ताजा असताना ७० ते ८० टक्के ऊर्जा परतवतो, तर काळा रंग जेमतेम ५ टक्के परतवून बाकीची शोषून घेतो आणि स्वतः तापतो.

तापलेले छप्पर खालच्या माणसाला दोन मार्गांनी छळते. एक म्हणजे ते आपल्या लगतची हवा तापवते, आणि दुसरा, अधिक महत्त्वाचा मार्ग म्हणजे ते स्वतःच उष्णतेचे किरण खाली सोडू लागते. ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेले रंगवलेले छप्पर ४० अंशांवर राहिलेल्या छपरापेक्षा दर चौरस मीटरला सुमारे १४० वॅट अधिक उष्णता उत्सर्जित करते. शांत बसलेल्या माणसाचे सबंध शरीर सुमारे १०० वॅट उष्णता निर्माण करते, हे ध्यानात घेतले म्हणजे या फरकाचे मोल कळते. भिवंडी खाडीपासून जवळ असल्याने येथील हवा दमट असते, घाम लवकर वाळत नाही आणि शरीराचा स्वतःला थंड ठेवण्याचा मुख्य उपाय लंगडा पडतो. अशा ठिकाणी वरून येणारी ही उष्णता कमी करणे विशेष हिताचे ठरते. चटका जाणवण्यासाठी उपकरणाची गरज नाही: पांढऱ्या आणि गडद निळ्या ताडपत्रीचे सारख्याच जाडीचे दोन तुकडे भर दुपारी शेजारी शेजारी ताणून त्यांच्या खालच्या बाजूला तळहाताची पाठ नेली, तर कोणता तुकडा अधिक तापला आहे ते हात न टेकवताच समजते.

येथे एक बाब सहसा लक्षात घेतली जात नाही. सूर्यकिरणांच्या बाबतीत पांढरा आणि काळा यांत जमीन-अस्मानाचे अंतर असले, तरी तापलेल्या वस्तूने उष्णता बाहेर सोडण्याच्या बाबतीत सर्वसाधारण रंगांत जवळजवळ भेद नसतो. म्हणून छपराच्या वरच्या बाजूचा रंग त्याचे तापमान ठरवतो, तर खालच्या बाजूचा रंग मुख्यतः डोळ्यांच्या सोयीचा प्रश्न असतो. वरून पांढरे किंवा फिकट आणि खालून मध्यम वा गडद छटेचे दुरंगी आच्छादन हा त्यामुळे सर्वांत समंजस पर्याय ठरतो, कारण सिमेंटच्या आवारावरून उसळून येणारा झगमगाट खालची गडद बाजू पुन्हा डोळ्यांवर टाकत नाही.

हिरवा आणि निळा हे रंग डोळ्यांना शीतल वाटतात, परंतु प्लास्टिकच्या हिरव्या जाळीला झाडाच्या पानाचे गुण लाभत नाहीत. पान अवरक्त किरणांचा मोठा भाग परतवते आणि पाण्याची वाफ सोडून स्वतःला थंड ठेवते. या पट्ट्यात अंगणात घातल्या जाणाऱ्या झावळ्यांच्या मांडवात पाने सुकलेली असली, तरी झावळ्यांचे थर एकमेकांत हवा धरून ठेवतात, त्यामुळे वरचा थर तापला तरी त्याची धग सहजासहजी खाली पोचत नाही. आजच्या साहित्यात हेच तत्त्व पत्र्याखाली वीतभर अंतर सोडून कापड ताणल्याने साधता येते. मात्र त्या पोकळीच्या दोन्ही टोकांना वारा खेळता हवा.

कोऱ्या जस्ती पत्र्याबद्दलही गैरसमज आहे. तो चकाकतो, ऊन बऱ्यापैकी परतवतो, पण शोषलेली उष्णता किरणांवाटे सोडून देण्यात तो फार कमी पडतो आणि म्हणून अपेक्षेपेक्षा जास्त तापतो. गंज चढल्यावर तर त्याचे परावर्तनही घटते. अशा पत्र्याला वरून पांढरा रंग दिल्यास दोन्ही उणिवा एकदम भरून निघतात. बाजारातील उष्णतारोधक रंगांच्या डब्यांवर कधी कधी एसआरआय हा आकडा छापलेला असतो. परावर्तन आणि उत्सर्जन या दोन्ही गुणांचा तो एकत्रित निर्देशांक असून प्रमाण काळ्या पृष्ठभागासाठी तो ० आणि प्रमाण पांढऱ्यासाठी १०० धरलेला आहे. आकडा जितका मोठा, तितके छप्पर कमी तापते.

पांढऱ्या रंगालाही मर्यादा आहेत. पातळ पांढरे कापड ऊन परतवते तसे काही ऊन आरपारही जाऊ देते, आणि अतिनील किरण अडवण्यात त्याच विणीचे गडद कापड बहुधा सरस ठरते. म्हणून पांढरे आच्छादन घ्यायचे, तर ते घट्ट विणीचे आणि जाड असले पाहिजे. काळे प्लास्टिक उन्हात अधिक टिकते, कारण त्यातील काजळी अतिनील किरणांपासून धाग्याचे रक्षण करते. काळी शेडनेट वापरायची झाल्यास ती उंच आणि मोकळ्या वाऱ्यात बांधावी, म्हणजे जाळीतून वाहणारी हवा तिची उष्णता घेऊन जाते. शिवाय महामार्गाची धूळ आणि पावसाळ्यातले शेवाळ पांढऱ्याचे पांढरेपण हिरावून घेतात, म्हणून होळीच्या आधी छप्पर धुणे आणि पत्र्यावर चुन्याचा किंवा रंगाचा हात फिरवणे हा वार्षिक नेम झाला पाहिजे.

२०१३ साली उष्णता कृती आराखडा आखणाऱ्या अहमदाबादने पुढे वस्त्यांतील छपरांना पांढरा लेप देण्याची मोहीम घेतली, आणि तेलंगणाने २०२३ मध्ये शीत छपरांचे स्वतंत्र धोरण जाहीर केले. महाराष्ट्राने माथाडी व हमाल कामगारांसाठी १९६९ मध्येच कायदा करून अंगमेहनतीच्या कामाला संरक्षण दिले. त्याच भूमिकेतून आता भिवंडीच्या आवारांतील सावलीकडे पाहणे आवश्यक आहे. ताडपत्री विकत घेणारा एक असतो आणि तिच्याखाली दुपार काढणारा दुसरा असतो, म्हणून रंगाची निवड केवळ किमतीवर सोडणे न्याय्य नाही. नव्याने घ्यायच्या आच्छादनाचा रंग बदलायला फारसा जास्त खर्च येत नाही, आणि पिण्याच्या पाण्याची सोय जशी मालकाची जबाबदारी मानली जाते, तशीच न तापणारी सावली हीही त्याची जबाबदारी मानली गेली पाहिजे.