स्पीकर चांगला, मग आवाज का बिघडतो?

दुकानात ऐकताना जो स्पीकर गोड वाटला, तोच घरी आणल्यावर कर्कश किंवा घुमणारा का वाटतो, असा प्रश्न तुम्हांला कधी पडला आहे का? तबल्याच्या बायाचा प्रत्येक ठोका लांबत जातो, गाण्याचे शब्द एकमेकांत मिसळतात. घरची मंडळी म्हणतात, “फसवले दुकानदाराने!” मग जपून ठेवलेल्या पैशांतून आणखी मोठे खोके येतात, आणि आवाज होता तसाच बिघडलेला राहतो.

या सर्व प्रकारात बहुधा स्पीकरचा दोष नसतो, दुकानदाराचाही नसतो. दोष असतो खोलीचा. आपण स्पीकर ऐकतो असे म्हणतो. परंतु खरे पाहता आपण स्पीकर आणि खोली यांची जोडी ऐकत असतो. खोली बदलणे सोपे नाही हे खरे, पण तिला वळण लावता येते, आणि त्यासाठी लागणारे सामान तुमच्या घरात आधीच आहे.

टाळी वाजवून पाहा

रिकाम्या खोलीच्या मध्यभागी उभे राहा आणि एकच जोरदार टाळी वाजवा. टाळीनंतर ‘झर्र’ असा आवाज क्षणभर रेंगाळेल. आता हीच टाळी गाद्या, रजया आणि कपड्यांनी भरलेल्या खोलीत वाजवा. टाळी वाजली आणि संपली!

हा फरक समजून घेण्यासाठी आपल्याकडची नेहमीची ‘दहा बाय दहा’ची खोली घेऊ. तिची उंचीही दहा फूट धरू. म्हणजे लांबी, रुंदी आणि उंची प्रत्येकी सुमारे ३ मीटर. हवेत ध्वनीचा वेग ३०° सेल्सिअस तापमानाला सेकंदाला सुमारे ३४९ मीटर असतो. समोरच्या भिंतीवर जाऊन परत येण्याचे अंतर ६ मीटर. तेव्हा ध्वनी एका सेकंदात अशा ३४९ ÷ ६, म्हणजे सुमारे ५८ फेऱ्या मारील. हा ५८ चा आकडा लक्षात ठेवा. तो पुढे पुन्हा भेटणार आहे.

सिमेंटचा गुळगुळीत गिलावा प्रत्येक धडकेला ध्वनीच्या ऊर्जेपैकी जेमतेम २ टक्के शोषून घेतो आणि उरलेली परत फेकतो. म्हणून टाळी विरायला वेळ लागतो. अशा रेंगाळणाऱ्या ध्वनीला ‘निनाद’ म्हणतात, आणि ध्वनीची ऊर्जा मूळच्या एक दशलक्षांश होण्यास लागणाऱ्या वेळेला ‘निनादकाल’.

गाद्या वाहून नेणारा प्राध्यापक

निनादाचे गणित मांडले ते वॉलेस सॅबिन या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठातील एका नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचे बोलणेच कळेनासे झाले. निनादकाल साडेपाच सेकंदांहून अधिक होता! सॅबिनने शेजारच्या नाट्यगृहातील बैठकींच्या गाद्या रात्री आणून या सभागृहात मांडल्या. ऑर्गनची नळी वाजवून थांबवायची आणि आवाज किती वेळ ऐकू येतो ते घड्याळाने मोजायचे, असा त्याचा प्रयोग असे. मोजणारे उपकरण म्हणजे त्याचे स्वतःचे कान! गाद्या वाढल्या की निनाद कमी होई. या मोजमापांतून पुढील नियम निघाला:

निनादकाल (सेकंद) = ०.१६१ × खोलीचे घनफळ (घनमीटर) ÷ एकूण शोषण

शोषण मोजण्यासाठी सॅबिनने जे माप निवडले तेही मोठे गमतीदार आहे. उघडी खिडकी! तिच्यातून बाहेर गेलेला ध्वनी परत येत नाही. म्हणून १ चौरस मीटर उघड्या खिडकीचे शोषण १ मानले.

आता आपली खोली घ्या. घनफळ २७ घनमीटर. सहा पृष्ठभाग मिळून ५४ चौरस मीटर. त्यांचे शोषण ५४ × ०.०२, म्हणजे सुमारे १.१. नियमात आकडे घातले की निनादकाल ४ सेकंद येतो. घरात संगीत ऐकण्यासाठी तो अर्ध्या सेकंदाच्या आसपास असावा. म्हणजे ही खोली आठपट बोलघेवडी आहे! १ चौरस मीटरची एक खिडकी उघडली तर शोषण २.१ होईल आणि निनादकाल एकदम २ सेकंदांवर येईल.

वर्ध्याचा कापूस मदतीला

खिडकी उघडी ठेवणे नेहमी शक्य नसते. मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा तर नाहीच. मग निनाद कमी कसा करायचा? उत्तर आपल्या जिल्ह्याच्या शेतातच पिकते. हिंगणघाट ही कापसाची जुनी बाजारपेठ. कापसाच्या तंतूंमध्ये असंख्य सूक्ष्म पोकळ्या असतात. ध्वनी म्हणजे हवेच्या कणांची मागेपुढे हालचाल. या पोकळ्यांतून जाताना हवेचे तंतूंशी घर्षण होते आणि ध्वनीच्या ऊर्जेची उष्णता बनते. म्हणूनच दबून घट्ट झालेल्या गादीपेक्षा पिंजून घेतलेल्या कापसाची गादी अधिक ध्वनी शोषते.

खिडकी बंद ठेवून हिशेब करू. मध्यम पट्टीच्या स्वरांसाठी हे आकडे अदमासे असे धरता येतील:

भिंती, जमीन, छत : १.१
पलंगावरील गादी, २ चौ. मी. : १.२
जमिनीवर सतरंजी, ४ चौ. मी. : ०.८
भिंतीवर जाड गोधडी, ३ चौ. मी. : १.५
ऐकणारी दोन माणसे : ०.८
एकूण : ५.४

निनादकाल आता ०.८ सेकंदांवर आला. आणखी एक गोधडी टांगली तर तो सुमारे ०.६ होईल. खर्च किती? शून्य!

गोधडी भिंतीला चिकटवू नका, थोडी पुढे टांगा. भिंतीला लागून असलेल्या हवेच्या कणांना हलायला जागाच नसते. हालचाल नाही तर घर्षणही नाही. भिंतीपासून पाव तरंगलांबीवर कणांची हालचाल सर्वांत अधिक असते. १००० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी ३५ सेंटिमीटर, म्हणून हे अंतर सुमारे ९ सेंटिमीटर भरते.

जुन्या घरांत ही अडचण एवढी नव्हती. १९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले. १९४० पासून ते गाव सेवाग्राम झाले. तेथील आश्रमाच्या कुट्या पाहा. मातीच्या भिंती, बांबू, वर कवेलूंचे छप्पर, खाली चटया. कवेलूंच्या फटींतून बराच ध्वनी बाहेर निसटतो आणि ओबडधोबड पृष्ठभाग उरलेला ध्वनी इतस्ततः विखुरतात. आपण स्लॅब घातला, गुळगुळीत फरशी बसवली. घर पक्के झाले आणि त्याबरोबर निनादही पक्का झाला.

घुमणारा बाया

गोधडीने उंच स्वरांचा कर्कशपणा जातो, पण बायाचा घुमारा जात नाही. असे का? ५८ हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी ६ मीटर, तिचा चौथा भाग दीड मीटर! एवढ्या जाडीची गोधडी कोण शिवणार?

आणि हा ५८ चा आकडा ओळखीचा वाटला ना? खोलीत ध्वनीच्या जितक्या फेऱ्या, तितक्याच कंप्रतेचा स्वर दोन भिंतींमध्ये ‘स्थिर तरंग’ निर्माण करतो. तारेवरच्या स्थिर तरंगांचा प्रयोग तुम्ही शाळेत पाहिला असेल. येथे तारेऐवजी हवा आहे. आपल्या खोलीची लांबी, रुंदी आणि उंची सारखीच, म्हणून तिन्ही दिशांचे स्थिर तरंग एकाच ५८ हर्ट्झवर येतात. तेवढाच स्वर फुगतो. घनाकार खोली संगीताला सर्वांत वाईट, ती यामुळेच.

या स्थिर तरंगात दाबाचा बदल भिंतींजवळ सर्वांत जास्त आणि मध्यभागी जवळजवळ शून्य असतो. म्हणून भिंतीला टेकून बसलात तर खर्ज अंगावर येतो, अगदी मध्यभागी बसलात तर तो नाहीसा होतो. मागच्या भिंतीपासून सुमारे १ मीटरवर बसणे चांगले.

स्पीकरलाही हाच न्याय लागू आहे. भिंतीजवळ ठेवल्यास भिंतीवरून परतलेला खर्ज मूळ ध्वनीत मिसळतो, आणि जवळच्या प्रत्येक पृष्ठभागागणिक ६ डेसिबेलपर्यंत वाढतो. कोपऱ्यात जमिनीवर ठेवला तर दोन भिंती आणि जमीन असे तीन पृष्ठभाग एकत्र येतात! जागा वाचावी म्हणून आपण स्पीकर नेमका कोपऱ्यात ठेवतो आणि मग घुमतो म्हणून तक्रार करतो.

समभुज त्रिकोण

स्टिरिओ म्हणजे दोन स्पीकरांमधून, जेथे काहीच नाही तेथून, गायकाचा आवाज येत असल्याचा भास. या पद्धतीचे मूलभूत पेटंट इंग्लंडमधील अभियंता ॲलन ब्लमलाइन याने १९३१ साली मागितले. बाजूने येणारा ध्वनी एका कानापर्यंत पोचल्यावर दुसऱ्या कानापर्यंत पोचायला जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंद लागतात. एवढ्याशा फरकावरून आपला मेंदू दिशा ठरवतो. तेव्हा दोन्ही स्पीकर तुमच्यापासून सारख्याच अंतरावर हवेत. ३५ सेंटिमीटरचा फरक पडला तरी एक ध्वनी १ मिलिसेकंद उशिरा येतो आणि गायक जवळच्या स्पीकरात जाऊन बसतो! एकाच छोट्या पेटीत डावा-उजवा स्पीकर असलेल्या ब्लूटूथ संचाकडून हा भास फारसा मिळत नाही, कारण त्यातले अंतरच वीतभर असते.

आपल्या खोलीसाठी मांडणी अशी करा:

१. दोन स्पीकरांमध्ये १.७ मीटर अंतर ठेवा. तुमचे डोके आणि दोन स्पीकर यांचा समभुज त्रिकोण व्हावा.
२. स्पीकर समोरच्या भिंतीपासून ५० सेंटिमीटर आणि बाजूच्या भिंतींपासून ६५ सेंटिमीटर पुढे घ्या. ही दोन अंतरे सारखी ठेवू नका. नाहीतर दोन्ही भिंतींवरून आलेले परावर्तन एकाच स्वराला मारक ठरते.
३. स्पीकर स्टुलावर ठेवून कानाच्या उंचीवर आणा.
४. मित्राला बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा. तुमच्या जागेवरून ज्या ठिकाणी आरशात स्पीकर दिसेल, तेथेच गोधडी टांगा. आपाती कोन आणि परावर्तन कोन समान असतात, हा नियम ध्वनीलाही लागू आहे.
५. गायकाचा आवाज मध्यभागी येतच नसेल आणि खर्ज गायब असेल, तर संच बंद करून एकाच स्पीकरच्या दोन वायरींची अदलाबदल करा. उलट जोडणीत एक पडदा पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो आणि खर्जाचे तरंग एकमेकांना खोडतात.

एका वेळी एकच गोष्ट बदला, तेच गाणे पुन्हा ऐका आणि वहीत नोंद करा. हा खराखुरा प्रयोग आहे.

आणि तुमचा वर्ग?

गाणे बिघडले तर फार नुकसान नाही. पण हाच नियम वर्गालाही लागू आहे. बोलताना आपण सेकंदाला साधारण पाच अक्षरे उच्चारतो, म्हणजे एका अक्षराला ०.२ सेकंद. निनादकाल २-३ सेकंद असेल तर मागची कित्येक अक्षरे पुढच्या अक्षरावर पडतात. शेवटच्या बाकावरील मुलाला आवाज येतो, शब्द कळत नाहीत. आणि त्याचे लक्ष नाही असे आपण समजतो! ध्वनिवर्धक लावून उपयोग नाही, कारण आवाजाबरोबर निनादही तेवढाच वाढतो.

शिक्षकांना एक विनंती. आपल्या वर्गाची लांबी, रुंदी, उंची मुलांकडून मोजून घ्या आणि रिकाम्या वर्गाचा निनादकाल काढायला सांगा. मग प्रत्येक विद्यार्थ्याचे शोषण ०.४ धरून भरलेल्या वर्गाचा काढा. शेवटी मागच्या भिंतीवर किती चौरस मीटर जाड कापड किंवा गोधडी टांगली तर शेवटच्या बाकापर्यंत शब्द स्वच्छ पोचेल, याचा हिशेब करा. उत्तर आले की ते वहीत न ठेवता भिंतीवर टांगा!