लाकडी धनुष्याची सुरक्षित वाकमर्यादा

लाकडी धनुष्याची सुरक्षित वाकमर्यादा म्हणजे धनुष्याची भुजा न मोडता आणि कायमची वाकडी न होता ज्या वक्रतेपर्यंत पुन्हापुन्हा वाकवता येते ती मर्यादा होय. ही मर्यादा मुख्यत्वे तीन गोष्टींवरून ठरते : लाकडाची जात व अवस्था, भुजेची जाडी आणि पूर्ण ओढीच्या वेळी भुजेच्या प्रत्येक भागाला येणारी वक्रता. धनुष्य ओढण्यास किती बळ लागते यावर ती थेट अवलंबून नसते. ओढायला हलके असलेले धनुष्यही आखूड व जाड असल्यास मोडते. उलट ओढायला जड असलेले लांब व रुंद धनुष्य टिकू शकते.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात सातपुड्याच्या परिसरात, विशेषतः नंदुरबार जिल्ह्याच्या अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांत, भिल्ल व पावरा समाजांमध्ये तीरकामठ्याची परंपरा आहे. भिल्लांचा कामठा बांबूचा असतो आणि त्याची दोरीही बांबूच्या सालीच्या चिवट पट्टीपासून करतात. 'भिल्ल' हे नाव धनुष्य या अर्थाच्या द्राविडी शब्दावरून आले असावे, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. लाकडांमध्ये धामण या वृक्षाचे लाकूड चिवट व लवचीक असल्यामुळे धनुष्यासाठी वापरले जात असे. भारतातील राष्ट्रीय तिरंदाजी स्पर्धांत 'इंडियन राउंड' या प्रकारात आजही बांबूचे किंवा लाकडाचे साधे धनुष्य वापरतात.

परंपरागत कारागीर वाकमर्यादा हाताच्या अंदाजाने व जुन्या मापांवरून ओळखतो. हाच अंदाज गणिताने मांडण्याचा पाया सतराव्या शतकात घातला गेला. गॅलिलिओने १६३८ मध्ये तुळईच्या बळकटीचा विचार मांडला, तर रॉबर्ट हूक याने १६७८ मध्ये ताण आणि वाढ यांच्या समप्रमाणाचा नियम प्रसिद्ध केला. विसाव्या शतकात क्लॅरेन्स हिकमन, फॉरेस्ट नॅग्लर आणि पॉल क्लॉपस्टेग या अमेरिकन संशोधकांनी धनुष्याच्या यांत्रिकीचा पद्धतशीर अभ्यास केला. त्यांचे लेख 'आर्चरी : द टेक्निकल साइड' या १९४७ च्या ग्रंथात संकलित आहेत.

मूळ तत्त्व

धनुष्याच्या लक्ष्याकडील बाजूस पाठ आणि धनुर्धराकडील बाजूस पोट म्हणतात. धनुष्य ओढले असता पाठीकडील तंतू ताणले जाऊन लांबतात, तर पोटाकडील तंतू दाबले जाऊन आखडतात. दोहोंच्या मधोमध असलेल्या थराची लांबी बदलत नाही. त्यास उदासीन थर म्हणतात. मूळ लांबीच्या तुलनेत होणाऱ्या या वाढीस किंवा घटीस विकृती अशी संज्ञा आहे. भुजेचा छेद आयताकृती असल्यास तिच्या पृष्ठभागावरील विकृती पुढील सूत्राने मिळते :

विकृती = जाडी ÷ (२ × वक्रता त्रिज्या)

या सूत्रात रुंदीचा उल्लेख नाही, ही गोष्ट महत्त्वाची आहे. ताठरपणा मात्र रुंदीच्या सम प्रमाणात आणि जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. त्यामुळे तेवढीच वक्रता ठेवून रुंदी दुप्पट केल्यास खेचबळ दुप्पट होते, पण विकृती वाढत नाही. जाडी दुप्पट केल्यास खेचबळ आठपट होते आणि विकृतीही दुप्पट होते. जाडी केवळ एकदशांशाने वाढवली तरी खेचबळ सुमारे ३३ टक्क्यांनी वाढते. म्हणून सुरक्षित जाडी आधी ठरवावी आणि हवे ते खेचबळ रुंदी कमी-अधिक करून साधावे, हा धनुष्यरचनेचा मूलभूत नियम आहे.

लाकडाची मर्यादा

एखादे लाकूड किती विकृती सोसेल याचा पहिला अंदाज त्याच्या भंग-प्रतिबलास (वाकवताना मोडण्याच्या क्षणीचे प्रतिबल) स्थितिस्थापकता मापांकाने भागून मिळतो. कोरड्या सागाचे भंग-प्रतिबल सुमारे ९७ मेगापास्कल व मापांक सुमारे १२,३०० मेगापास्कल असतो. भागाकार सुमारे ०.८ टक्के येतो. युरोपातील यू वृक्षाच्या लाकडाचे भंग-प्रतिबलही सुमारे ९७ मेगापास्कलच असते, परंतु मापांक सुमारे ९,३०० मेगापास्कल असल्यामुळे भागाकार एक टक्क्याहून किंचित अधिक येतो. दोन्ही लाकडे सारखीच बळकट असूनही यू अधिक वाकते. धनुष्यासाठी नुसती बळकटी पुरेशी नसते, ती यामुळे.

ही संख्या मोडण्याची आहे, वापराची नव्हे. तंतूंच्या दिशेने लाकूड ताणापेक्षा दाब कमी सोसते. त्यामुळे मोडण्याच्या बऱ्याच आधी पोटाकडील तंतू चेपले जातात, तेथे बारीक आडव्या सुरकुत्या दिसू लागतात आणि दोरी उतरवल्यावरही भुजेत बाक उरतो. यासाठी हिशेबात काही अंतर राखून ठेवावे लागते. भागाकाराच्या तीन-चतुर्थांशाइतकी मर्यादा धरल्यास यूसाठी सुमारे ०.८ टक्के आणि सागासाठी सुमारे ०.६ टक्के विकृती मिळते.

गणिताचे उदाहरण

टोकापासून टोकापर्यंत १६० सेंमी लांबीचे, मुठीसह सर्वत्र सारखे वाकून वर्तुळाकार कंस होणारे धनुष्य घेऊ. दोरी चढवल्यावर मूठ व दोरी यांतील अंतर १५ सेंमी आणि पूर्ण ओढीच्या वेळी ६५ सेंमी आहे. दोरीची लांबी बदलत नाही असे मानून भूमितीने हिशेब केल्यास पूर्ण ओढीच्या वेळी वक्रता त्रिज्या सुमारे ९४ सेंमी येते.

सुरक्षित जाडी = २ × त्रिज्या × मान्य विकृती

यूसाठी : २ × ९४ × ०.००८ = सुमारे १.५ सेंमी
सागासाठी : २ × ९४ × ०.००६ = सुमारे १.१ सेंमी

यू लाकडाच्या चांगल्या धनुष्याची मापे घेऊन त्याबरहुकूम सागाचे १.५ सेंमी जाडीचे धनुष्य केल्यास त्याची विकृती ०.८ टक्के, म्हणजे सागाच्या मोडण्याच्या अंदाजाइतकीच होते. परक्या लाकडाची मापे जशीच्या तशी उचलणे धोक्याचे का, हे यावरून स्पष्ट होते.

लांबीचा परिणाम याहून मोठा आहे. तीच ओढ ठेवून धनुष्य १३० सेंमी केल्यास त्रिज्या सुमारे ६० सेंमी होते आणि यूसाठीची सुरक्षित जाडी १.५ सेंमीवरून ०.९६ सेंमीवर येते. तेवढ्याच रुंदीच्या छेदाचा ताठरपणा मग जवळपास एक-चतुर्थांश उरतो. इंग्लंडच्या किनाऱ्यानजीक १५४५ मध्ये बुडालेल्या व १९८२ मध्ये वर काढलेल्या 'मेरी रोझ' या जहाजावरील यूची धनुष्ये सुमारे १.८७ ते २.११ मीटर लांब आहेत. जड लाकडी धनुष्य लांब का असते याचे उत्तर या हिशेबात आहे. आशियातील आखूड संयुक्त धनुष्यांच्या पोटाकडे शिंग व पाठीकडे स्नायुतंतू असत. हे पदार्थ लाकडाच्या अनेकपट विकृती सोसत असल्याने ती धनुष्ये आखूड असूनही जोरकस होती.

ओढ वाढल्यासही मर्यादा ओलांडली जाते. वरील १६० सेंमीचे धनुष्य ६५ ऐवजी ७२ सेंमी ओढल्यास त्रिज्या सुमारे ८५ सेंमी होते आणि १.५ सेंमी जाडीवरील विकृती ०.८० वरून ०.८८ टक्क्यांवर जाते. शाळेत किंवा आखाड्यात एकच धनुष्य अनेक जण वापरतात तेथे सर्वांत लांब हाताच्या व्यक्तीची ओढ गृहीत धरावी.

मोजमापाच्या पद्धती

ग्रंथातील आकडे निर्दोष नमुन्यांचे सरासरी आकडे असतात. हाती असलेल्या लाकडाची मर्यादा त्याच फळीतून काढलेल्या पट्टीवर तपासता येते. पट्टी ६० सेंमी अंतरावरील दोन आधारांवर ठेवून मध्यभागी वजन टांगतात व मध्यभाग किती खाली आला ते मोजतात :

विकृती = ६ × झोल × जाडी ÷ (आधारांतील अंतर)²

१ सेंमी जाडीच्या पट्टीत ०.८ टक्के विकृती ४.८ सेंमी झोलाला येते. झोल टप्प्याटप्प्याने वाढवून प्रत्येक वेळी वजन काढावे. ज्या टप्प्यानंतर पट्टी पूर्ण सरळ होत नाही, त्याच्या आधीचा टप्पा सुरक्षित मानावा.

तयार होत असलेल्या धनुष्यावर वक्रता मोजण्यासाठी सुमारे २० सेंमी लांबीची सरळ पट्टी भुजेच्या पोटाला टेकवतात. मधल्या फटीवरून विकृती पुढीलप्रमाणे मिळते :

विकृती = ४ × जाडी × फट ÷ (पट्टीची लांबी)²

१.५ सेंमी जाडी व ०.८ टक्के मर्यादा असल्यास फट सुमारे ५.३ मिमीपेक्षा अधिक नसावी. हे मोजमाप धनुष्य हाती धरून करू नये. ते भिंतीवरील खुंटीवर अडकवून, दोरी कप्पीवरून दुरून ओढून खाचेत अडकवावी आणि फट मोजताना चेहरा भुजेच्या रेषेत येऊ देऊ नये.

सूत्राबाहेरील कारणे

वरील हिशेब सर्वत्र सारख्या वाकणाऱ्या भुजेचा आहे. तासताना एखादी जागा पातळ झाल्यास वाक तेथेच एकवटतो. त्या जागी जाडी १.४ सेंमी असली तरी त्रिज्या ५० सेंमीवर आल्यास विकृती १.४ टक्के होते. अशा वेळी ती जागा न तासता तिच्या दोन्ही बाजूंचा ताठ भाग थोडाथोडा तासून वाक पसरवतात. सारख्या जाडीची भुजा वर्तुळाकार वाकण्यासाठी तिची रुंदी मुठीपासून टोकाकडे क्रमाने कमी करावी लागते, कारण वाकवणारे बलघूर्ण मुठीपाशी सर्वाधिक व टोकाशी शून्य असते.

गाठी आणि पाठीवर तिरकस निघणारे तंतू यांमुळे ताण सोसण्याची क्षमता घटते. बांबूत तंतूंची दाटी बाहेरील सालीकडे अधिक असते. म्हणून ती बाजू पाठीकडे ठेवल्यास तासत नाहीत. ओलसर लाकडात कायमचा बाक लवकर येतो, तर अति कोरडे लाकूड ठिसूळ होते; मराठवाड्यासारख्या प्रदेशात भर उन्हाळ्यात धनुष्य उन्हात ठेवणे म्हणूनच टाळावे. लाकूड दीर्घकाळ वाकवून ठेवल्यासही बाक धरते, त्यामुळे वापर संपताच दोरी उतरवतात. बाणाशिवाय दोरी सोडल्यास बाणाला मिळणारी ऊर्जा भुजांतच शोषली जाते आणि हिशेबाने सुरक्षित असलेले धनुष्यही मोडू शकते.