घरचें अन्न आणि कुर्ल्याचें शेत

‘घरचें’ हा शब्द आपण फार सैलपणें वापरतों. पीठ गिरणींतून आणि मसाला वाण्याकडून आणला, तरी आपल्या चुलीवर शिजविलें म्हणजे तें अन्न घरचें झालें, असें आपण समजतों. त्यांत चूक कांहीं नाहीं. परंतु या शब्दाचा अर्थ पूर्वीं किती लांबवर जात असे, हें पाहावयाचें असेल तर कुर्ल्याकडे वळावें. आज आगगाडीच्या गर्दीसाठीं ओळखलें जाणारें हें ठिकाण एके काळीं भातशेतीचें होतें. १८०८ मध्यें इंग्रजांनीं कुर्ला आणि मोहिली, मरोळ, सहार वगैरे सहा गांवें होरमसजी बमनजी वाडिया यांस मुंबईंतील एका जागेच्या मोबदल्यांत दिलीं. मालक बदलला, चिखलांत उतरणारे हात तेच राहिले. त्यांपैकीं पुष्कळसे, पोर्तुगीज अमदानींत ख्रिस्ती झालेल्या, परंतु घरांत मराठीच बोलणाऱ्या कुटुंबांतले होते. १८८७ च्या सुमारास या समाजानें ‘ईस्ट इंडियन’ हें नांव घेतलें.

अशा घरच्या एका भाकरीची सुरुवात उन्हाळ्यांत होई. रोपाच्या वाफ्यावर शेण, पाला व गवत पसरून तें जाळीत. यालाच राब म्हणतात. त्यानें तणाचें बीं जळतें आणि राखेचें खत होतें. मृगाच्या पावसावर पेरा, आषाढांत लावणी, दिवाळीच्या सुमारास कापणी. मग खळ्यावर भात झोडावयाचें, वाऱ्यावर उपणावयाचें आणि उखळांत मुसळानें कांडावयाचें. भाताच्या वजनाच्या साधारण दोनतृतीयांश तांदूळ हातीं येतो. बाकीचें वायां जात नसे. तूस चुलीला, कोंडा कोंबड्यांना, कणी पेजेला आणि पेंढा गुरांना.

त्यानंतर जातें. तांदळाच्या पिठाची गोष्ट गव्हासारखी नाहीं. गव्हाच्या कणकेला ताण देणारा जो चिकट अंश असतो, तो तांदळांत नसतो. म्हणून पीठ उकळत्या पाण्यांत घालून उकड काढावी लागते. उष्णतेनें पिठांतील सत्त्व पाणी पिऊन फुगतें आणि तेंच गोळ्याला धरून ठेवतें. पीठ जुनें झालें कीं त्याची विरी जाते, भाकरी थापतांना कडा फाटतात. तेव्हां लागेल तेवढेंच दळण काढण्याची रीत सकारण होती. अर्थात् जिला पहांटे उठून जातें ओढावें लागे, तिला या शास्त्राचें फारसें कौतुक वाटलें नसेल.

सणाला फुगे करीत. त्यांतला मैदा विकतचा खरा, पण नारळाचें दूध आणि अंडीं घरचीं, आणि तें पीठ फुगविणारी ताडी गांवच्याच झाडाची. पहांटे उतरविलेला रस गोड असतो. ऊन चढूं लागलें कीं त्यांत शिरलेलें किण्व साखर खाऊं लागतें. मद्यार्क तयार होतो आणि सुटणाऱ्या वायूनें पीठ वर येतें. १८७८ च्या आबकारी कायद्यानें ताडाच्या झाडांवरील कराचा बोजा वाढला, पुढें १९४९ चा दारूबंदीचा कायदा आला. सरकारच्या मनांत गुत्ता होता. परंतु कायदा स्वयंपाकघरांतही शिरला. ताडीच्या जागीं दुकानांतली यीस्टची पूड आली.

शेताचेंही तेंच झालें. १८५३ मध्यें बोरीबंदराहून ठाण्याला गेलेली आगगाडी कुर्ल्यावरून गेली, मागोमाग गिरण्या आल्या, १९५० मध्यें कुर्ला मुंबई महापालिकेच्या हद्दींत आला. भरावाखालीं खाचर गेलें, त्याबरोबर उखळ, पेंढा आणि गोठाही गेला.

मग राहिलें काय? बाटली मसाला. पावसाळ्यापूर्वीं मिरच्या, धने, हळद कडक उन्हांत वाळवावयाचीं; भाजलेले गहू, हरभरे, तीळ, खसखस आणि दालचिनी, लवंग, जायपत्री धरून वीस-पंचवीस जिनसा एकत्र करावयाच्या; बायांनीं लांब मुसळांनीं त्या कुटावयाच्या आणि काळसर बाटल्यांत दाबून भरावयाच्या. गडद कांचेमुळें उजेड आंत जात नाहीं, रंग टिकतो. कांहीं घरांतून ही कुटाई अजूनही चालते, आणि घरगुतीपणाची खूण म्हणून हीच बाटली पाहुण्यापुढें अभिमानानें येते. मला यांत मोठी गंमत वाटते. त्या घरांत शिजणाऱ्या सर्व पदार्थांत हाच खरोखर बाजाराचा. वेलदोडे मलबाराकडचे, मिरची दूरदूरच्या पेठांतली. कुर्ल्याच्या मातींतलें त्यांत जवळजवळ कांहींच नाहीं. म्हणूनच तो जगला. जमीन गेली तरी त्याचें कांहीं अडलें नाहीं. भाकरीचें अडलें.

ऑक्टोबरांतील पहिल्या रविवारीं या समाजांत अगेरा नांवाचा सण पाळतात. नव्या भाताच्या लोंब्या देवळांत नेऊन त्यांवर आशीर्वाद मागावयाचा. ज्या गांवठाणाला शेत उरलें नाहीं, तेथें आतां त्या लोंब्या दुसऱ्याच्या शेतांतून आणाव्या लागतात.