पहिले धनुष्य घेताना

तीर, कमान, तरकश हे शब्द तुम्हांला घरच्या भाषेतून ठाऊक आहेत. मराठीत तीराला बाण म्हणतात, कमानीला धनुष्य, तरकशाला भाता आणि चिल्ल्याला प्रत्यंचा. तुमचे शब्दही मराठीत आले, पण वाटेत थोडे बदलले. मराठीत नुसते 'कमान' म्हटले की दरवाजावरची अर्धगोल कमान डोळ्यांपुढे येते आणि 'तीर' म्हटले की नदीचा काठ. मात्र हे दोन शब्द जोडीने आले की पुन्हा आपल्या मूळ कामाला लागतात. साध्या धनुष्यबाणाला आपल्याकडे तिरकमठा म्हणतात, आणि खेळाचे नाव तर सर्वांच्या तोंडी आहे : तिरंदाजी.

ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिन येथे जागतिक स्पर्धा झाली. तिथे साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे हे दोघे कंपाउंड प्रकारात एकाच दिवशी जगज्जेते झाले. अदिती तेव्हा १७ वर्षांची होती. दोघांचाही सराव साताऱ्यातल्या एकाच प्रशिक्षण केंद्रात चाले. अशी बातमी वाचली की धनुष्य आपल्याही हातात असावे, असे वाटू लागते. घरचे लोक पैसे साठवून ते घेऊन देतात. पण धनुष्य चुकीचे आले, तर पैसे जातातच, शिवाय खांदाही दुखावतो. म्हणून दुकानात जाण्याआधी काही गोष्टी समजून घ्या.

सर्वांत आधी एक गोष्ट स्पष्ट करू. अमेरिकेत परवाना काढून धनुष्याने हरणाची शिकार करता येते. त्यासाठी वेगळे, जड धनुष्य आणि पात्याचे टोक असलेले बाण मिळतात. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्य प्राण्यांच्या शिकारीवर बंदी आहे. ससा मारणेही गुन्हाच आहे. पात्याच्या टोकाचा बाण गवताच्या लक्ष्यात मारला, तर लक्ष्य फाटते आणि बाण काढताना हात कापतो. तेव्हा असे बाण कोणी स्वस्तात दिले तरी घेऊ नका.

आता तुमचा डोळा तपासा. दोन्ही हात पुढे करून तळव्यांमध्ये एक लहान त्रिकोणी फट ठेवा. दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या फटीतून दूरचे घड्याळ पाहा. मग एक डोळा मिटा. घड्याळ जागेवरच दिसले, तर उघडा असलेला डोळा तुमचा प्रमुख डोळा. ते फटीतून नाहीसे झाले, तर मिटलेला डोळा प्रमुख. उजवा डोळा प्रमुख असेल, तर धनुष्य डाव्या हातात धरून दोरी उजव्या हाताने ओढावी. डावा असेल, तर उलट. पुष्कळ धनुष्यांची मूठ एकाच बाजूसाठी घडवलेली असते. म्हणून हे घरीच ठरवून जावे.

यानंतरचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा : धनुष्य किती जड असावे? इथे जड म्हणजे वजनाला जड नव्हे, ओढायला जड. हा भार पौंडांत मोजतात. एक पौंड म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम. धनुष्यावर लिहिलेला आकडा दोरी २८ इंच ओढल्यावरचा असतो. तुम्ही तेवढी ओढणार का? आपली ओढ काढण्याची रीत सोपी आहे. दोन्ही हात बाजूंना पसरून एका मधल्या बोटापासून दुसऱ्या मधल्या बोटापर्यंत माप घ्या आणि त्याला अडीचने भागा. माप ६० इंच असेल, तर ओढ आली सुमारे २४ इंच. प्रत्येक कमी इंचामागे भार साधारण दीड ते दोन पौंडांनी उतरतो. म्हणजे २० पौंडांचे धनुष्य अशा मुलाच्या बोटांवर १२ ते १४ पौंडच भार टाकते.

"एवढेच?" असे तुम्ही म्हणाल. पण हिशेब करून पाहा. १४ पौंड म्हणजे सहा किलोंहून थोडे अधिक. दिवसाला १०० बाण सोडले, तर तुमच्या पाठीने आणि खांद्याने सहाशे किलोंहून अधिक भार ओढला! ऑलिम्पिकमधले उत्तम पुरुष खेळाडू ४५ ते ५० पौंडांची धनुष्ये वापरतात, पण तिथे पोहोचायला त्यांना अनेक वर्षे लागलेली असतात. नवशिक्या शाळकरी मुलाने १४ ते २० पौंडांच्या धनुष्याने सुरुवात करावी. दुकानातले मोठे, काळेभोर धनुष्य कितीही रुबाबदार दिसले, तरी हात थरथरला की नेम चुकतो. मग मुलगा खांदा उचलून, मान वाकडी करून दोरी ओढू लागतो. ती सवय पुढे सहज सुटत नाही. दोरी हनुवटीपर्यंत आणून दहापर्यंत मोजा. हात कापू लागला, तर ते धनुष्य तुमचे नाही. हे पाहताना शिक्षक जवळ असू द्या आणि दोरी सावकाश परत आणा. बाण न लावता ती कधीही सोडू नका. ओढलेल्या धनुष्यात साठलेली शक्ती बाण घेऊन जातो. बाण नसला, तर ती शक्ती धनुष्यावरच उलटते आणि त्याची पाती तडकतात.

आपल्याकडे तीन प्रकार चालतात. बांबूचे देशी धनुष्य काही हजार रुपयांत येते आणि त्याच्या 'इंडियन राउंड' स्पर्धाही होतात. राजस्थानचा आदिवासी मुलगा लिंबाराम बांबूच्या धनुष्यावरच नेम धरायला शिकला. पुढे १९९२ मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत ३० मीटरवर त्याने ३६० पैकी ३५८ गुण मिळवून जागतिक विक्रमाची बरोबरी केली. तेव्हा बांबूला कमी समजू नका. दुसरा प्रकार रिकर्व्ह. याची टोके पुढे वळलेली असतात आणि ऑलिम्पिकमध्ये ७० मीटरवरून हेच वापरतात. तिसरा कंपाउंड. त्याला चाके असतात, म्हणून पूर्ण ओढल्यावर हातात थोडाच भार राहतो. मात्र त्याची ओढ यंत्रानेच ठरलेली असते. वाढत्या वयात ती पुन्हा पुन्हा जुळवावी लागते आणि खर्चही मोठा. माझ्या मते रिकर्व्ह घ्यायचे, तर सुट्या पात्यांचे घ्यावे. मधली मूठ तीच राहते आणि ताकद वाढली की फक्त पाती बदलता येतात. जुने मिळाले तरी चालेल. त्यात चीर किंवा पीळ नाही, एवढे मात्र पाहून घ्या.

धनुष्यापेक्षा बाणाकडे लोकांचे लक्ष कमी असते. खरे तर दोहोंत बाण अधिक नाजूक. दोरीचा धक्का बसताच बाण सरळ जात नाही. तो माशासारखा वळवळत धनुष्याच्या बाजूने निघतो आणि मग सरळ होतो. म्हणून त्याचा ताठपणा धनुष्याला जुळावा लागतो. कार्बनच्या बाणावर ६००, १००० असे आकडे असतात. मोठा आकडा म्हणजे अधिक लवचीक बाण, हे पहिल्यांदा उलटेच वाटते. हलक्या धनुष्याला लवचीक बाण हवा. लांबी आपल्या ओढीपेक्षा एक-दोन इंच जास्तच ठेवावी. आखूड बाण टेकूवरून मागे घसरून हातात घुसू शकतो. किमान सहा बाण घ्यावेत आणि सर्व एकसारखे. बाण वेगवेगळे असले, तर चूक बाणाची की तुमची, हे कळणारच नाही. कार्बनचा बाण दर वेळी हलकेच वाकवून त्याचा आवाज ऐका. कट्कन आवाज आला, तर तो मोडून टाका.

बोटांसाठी चामड्याची पट्टी आणि हातावर मनगटाच्या वर बांधायची ढाल लागते. या दोन वस्तू स्वस्त आहेत, पण त्यांच्याविना पहिल्याच आठवड्यात हात काळानिळा होतो. भाता मात्र घरी कापडाचा शिवला तरी चालतो.

शक्य असेल, तर महिना-दोन महिने केंद्राचेच धनुष्य वापरा आणि मग आपले घ्या. पहिले दिवस लक्ष्य पाच-दहा पावलांवरच असते. मैदानावर शिट्टीच चालते : दोन शिट्ट्या झाल्या की रेषेवर यायचे, एक झाली की बाण सोडायचा आणि तीन झाल्या की सर्वांनी मिळून बाण आणायला जायचे, चालत, धावत नाही. बाण काढताना एक हात लक्ष्यावर दाबून ठेवा, दुसऱ्याने बाण लक्ष्याजवळ धरून सरळ ओढा, आणि त्याआधी मागे कोणी उभे नाही ना, हे वळून पाहा.