अद्भुतरम्य कादंबरीतला अंधार कोणाचा?

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ‘अद्भुतरम्य’ हा शब्द एखाद्या अडगळीच्या खोलीसारखा वापरला गेला आहे. भुयारे, तळघरे, मांत्रिक, विषप्रयोग, हरवलेला राजपुत्र, किल्ल्यात कोंडलेली प्रेयसी असे काही एखाद्या कादंबरीत आढळले की तिला या खोलीत टाकायचे आणि ‘केवळ रंजनपर’ अशी चिठ्ठी लावून पुढे जायचे, अशी रीत पडली. दलित साहित्याच्या समीक्षेनेही याहून वेगळे काही केले नाही. आपण तिला ‘पलायनवादी’ म्हटले आणि विषय संपवला. चिठ्ठी बदलली, खोली तीच राहिली.

प्रश्न असा आहे की या कादंबऱ्या वाचतो कोण? सोळा ते वीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी. ज्या वयात माणूस ‘मी कोण’ हा प्रश्न स्वतःला पहिल्यांदा विचारतो, त्या वयाचा हा वाचक आहे. माझ्या वर्गातील मुली आज इंग्रजीतील अशा जाडजूड कादंबऱ्या मोबाईलवर वाचतात. जुन्या राजवटींचा भास देणारी राज्ये, रक्तरंजित सत्तास्पर्धा, जादू आणि जिवावर उदार होऊन केलेले प्रेम, असा त्यांचा ऐवज असतो. लेह बार्डुगो यांची २०१२ सालची ‘शॅडो अँड बोन’ ही झारशाही रशियाच्या धर्तीवर उभारलेल्या राज्यात घडते. या मुलींपैकी पुष्कळजणींच्या घरात कॉलेजची पायरी चढलेले दुसरे कोणी नाही. त्यांना ‘हे सोड आणि आत्मकथने वाच’ असे सांगणारे कार्यकर्ते मी पाहिले आहेत. मुली मान डोलावतात आणि पुन्हा तेच वाचतात. म्हणून रागावण्यापेक्षा या कादंबरीचे यंत्र उघडून पाहणे मला अधिक आवश्यक वाटते.

हे यंत्र मराठीला नवे नाही. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ साली आली. नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ ची. रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ १८६७ पासून ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकात क्रमशः येऊ लागली. तिला मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी मानतात. तेथे प्रथमच शिवकाल आणि रहस्यमय गड एकत्र आले. पुढे नाथमाधवांची ‘वीरधवल’ आली, गो. ना. दातार यांच्या ‘कालिकामूर्ति’, ‘बंधुद्वेष’ अशा कादंबऱ्या आल्या, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील मराठी तरुणांच्या पिढ्या त्यांवर वाढल्या. शाळेच्या पुस्तकाआड लपवून वाचली जाणारी कादंबरी ती हीच.

या परंपरेमागे एक इंग्रज लेखक उभा आहे : जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स (१८१४–१८७९). एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानात तो अतोनात वाचला गेला. हरिभाऊ आपट्यांची ‘मधली स्थिती’ (१८८५) त्याच्याच प्रभावाखाली लिहिली गेली, आणि दातारांच्या कादंबऱ्यांवरील त्याचे ऋण सर्वश्रुत आहे. परंतु रेनॉल्ड्स कोण होता हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. तो चार्टिस्ट होता. कामगाराला मत मिळाले पाहिजे म्हणून इंग्लंडमध्ये जी चळवळ झाली तिच्या व्यासपीठावर, १८४८ च्या मार्च महिन्यात, लंडनच्या ट्रॅफल्गार चौकात तो उभा राहिला. तो राजेशाहीचा विरोधक होता. १८५० साली त्याने काढलेले साप्ताहिक कामगारांच्या घरात वाचले जाई. त्याच्या ‘मिस्टरीज ऑफ लंडन’मधील तळघरे नुसती भीती दाखवण्यासाठी नव्हती, सरदारांच्या वैभवाखाली काय गाडले आहे हे दाखवण्यासाठी ती खोदलेली होती.

मराठीत येताना या मालाचे काय झाले? तळघर आले, खंजीर आला, मूर्च्छा येणारी नायिका आली. गरीब माणूस मात्र बंदरावरच उतरून घेतला गेला. आपल्या मध्यमवर्गाने रेनॉल्ड्सचा अंधार घेतला आणि त्या अंधारामागचे कारण तेवढे परत पाठवले. यात कोणा एका लेखकाचा दुष्टपणा शोधण्याचे कारण नाही. ज्या समाजात लिहिणारा, छापणारा आणि विकत घेणारा एकाच थरातला असतो, तेथे तळघरातला माणूस वाचकाला दिसू नये हे सोयीचेच असते.

आता यंत्राचे भाग पाहू. मला त्यात तीन मुख्य दिसतात.

पहिला भाग म्हणजे अंधाराची जागा : गड, भुयार, ओसाड वाडा. ही जागा कादंबरीत आयती असते. ती कोणी खोदली, दगड कोणी वाहिला, रात्री पहारा कोणी केला, हे तेथे विचारले जात नाही. वास्तविक मराठी मुलखातील गडांच्या घेऱ्याला महार, रामोशी, कोळी, बेरड अशा जमातींच्या चौक्या असत. गडाची वाट, चोरवाट आणि रात्र यांची माहिती सर्वांत जास्त त्यांना. कादंबरीत मात्र ते मशाल धरतात, निरोप आणतात आणि एखाद्या प्रकरणात मुकाट्याने मरतात.

दुसरा भाग म्हणजे जन्माचे रहस्य. नायक झोपडीत वाढतो, पण तो शूर आहे, देखणा आहे, त्याची वाणी शुद्ध आहे. शेवटी दंडावरची खूण किंवा गळ्यातला ताईत निघतो आणि कळते की तो राजवंशाचा. वाचक सुटकेचा श्वास टाकतो. हा सुटकेचा श्वास तपासला पाहिजे. झोपडीतले पोर गुणी असू शकते, हे कादंबरीने शेकडो पाने दाखवले आणि अखेरीस एका ताइताने पुसून टाकले. गुण जन्मातून येतात हा वर्णव्यवस्थेचा सिद्धांत इतक्या गोड रीतीने स्मृतिग्रंथांनाही सांगता आला नसता. आजच्या इंग्रजी कादंबऱ्यांत ताइताऐवजी रक्तातली जादू असते. साध्या, अनाथ मुलीत एकाएकी जन्मजात शक्ती सापडते. रूप आधुनिक आहे, पण प्रश्न तोच : जिच्या रक्तात काहीच सापडणार नाही, तिने काय करायचे?

तिसरा भाग म्हणजे शेवट. शेवटी राजा प्रसन्न होतो. जहागीर मिळते, प्रेमिकांचे लग्न होते, दुष्ट सरदार मरतो आणि सिंहासन जागच्या जागी राहते. अन्याय होता तो एका वाईट माणसामुळे, व्यवस्थेमुळे नव्हे, असा त्याचा अर्थ.

हे यंत्र कादंबरीबाहेरही कसे चालते याचे उदाहरण माझ्या घराजवळच आहे. मी पनवेलच्या सुकापूरला राहतो. इमारतींच्या फटीतून, पावसाळा सरता सरता, प्रबळगड दिसतो आणि त्याच्या शेजारी कलावंतिणीचा सुळका. खडकात कोरलेल्या उभ्या पायऱ्यांमुळे हा सुळका आता देशभर प्रसिद्ध झाला आहे. तेथे जाणाऱ्या तरुणांना एक कथा सांगितली जाते : कोणा राजाने कलावंतीण नावाच्या आपल्या लाडक्या राणीसाठी हा दुर्ग बांधला. या कथेला इतिहासाचा आधार नाही. पण मला खटकते ते वेगळेच. कलावंतीण हे मराठीत राणीचे नाव कधीच नव्हते. कलावंतीण म्हणजे नाचगाण्यावर उपजीविका करणारी स्त्री. कोकणात आणि गोव्यात त्या नावाची जातच होती, आणि देवळाशी किंवा धनिकाशी बांधलेले तिचे आयुष्य होते. शब्द डोळ्यांसमोर असताना प्रणयकथेने तिला राणी केले, म्हणजे तिची जात, तिचा पेशा आणि तिची वेदना पुसली. पायऱ्या कोरणाऱ्या हातांचा तर त्या कथेत उल्लेखही नाही. प्रबळमाचीवर ठाकूर आदिवासींची वस्ती आहे. शिमग्याला हे लोक सुळक्यावर जाऊन नाचतात. ती जागा कोणाच्या पायांना ठाऊक आहे हे यातून समजावे.

मग आपण अद्भुत टाकून द्यावे काय? माझे उत्तर नाही असे आहे. कारण अद्भुत आपल्याही घरात आहे, आणि ते वेगळ्या तऱ्हेने संपते.

बौद्ध वाङ्मयातील ‘शार्दूलकर्णावदान’ पाहा. प्रकृती नावाची चांडाळकन्या विहिरीवर आनंदाला पाणी देते आणि त्याच्यावर अनुरक्त होते. तिची आई मंत्रविद्या जाणते. ती मंत्रबळाने आनंदाला घरी खेचून आणते. काळी जादू, तारुण्य, निषिद्ध प्रेम, सारे आहे. बुद्धाच्या सामर्थ्याने मंत्र तुटतो. पुढे प्रकृती संघात येते आणि नगरातील प्रतिष्ठित वर्ग खवळतो. येथे एखादा कादंबरीकार प्रकृतीला हरवलेली राजकन्या ठरवून मोकळा झाला असता. अवदानात तसे होत नाही. बुद्ध पूर्वजन्मीची कथा सांगतात : त्रिशंकू हा मातंगांचा राजा आपल्या मुलासाठी ब्राह्मणाची कन्या मागतो आणि माणसामाणसांत जातिभेदाला निसर्गात आधार नाही, हे वादाने सिद्ध करतो. ताइताच्या जागी येथे युक्तिवाद आहे. जन्म लपवला जात नाही. जन्माचे महत्त्वच नाकारले जाते. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात (१९५७) चांडालिकेच्या धम्मदीक्षेला स्थान दिले आहे, ते उगीच नव्हे.

दुसरी कथा महार समाजात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली, अमृतनाकाची. बेदरच्या बादशहाची बेगम पळवली जाते. तिला सोडवून आणण्याचा विडा अमृतनाक उचलतो. निघण्यापूर्वी तो बादशहाच्या हाती एक बंद पेटी देतो. बेगमेसह तो परततो तेव्हा संशय घेणारे पुढे येतात, आणि पेटी उघडली जाते : संशयाला जागा उरू नये म्हणून त्याने स्वतःचे पुरुषत्व आधीच छाटून पेटीत ठेवलेले असते. बक्षीस म्हणून तो स्वतःसाठी काही मागत नाही. जातभाईंसाठी बावन्न हक्क मागतो. तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात, आणि ही दंतकथा आहे, इतिहास नव्हे. पण इतकी काळीकुट्ट, इतकी भव्य कथा कोणत्या अद्भुतरम्य कादंबरीत आहे? आमच्या माणसाला विश्वासू ठरण्यासाठी काय द्यावे लागले, हे ती पेटी सांगते.

आणि मिळाले काय? खळ्यावरचे धान्य, सणाची भाकर, मेलेल्या ढोराचे कातडे. त्या हक्कांच्या मोबदल्यात चोवीस तासांची गावकी. ज्याला कथेत खजिना म्हटले तो प्रत्यक्षात साखळदंड निघाला. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते ही साखळी तोडण्यासाठी. कनिष्ठ गावकी वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. राजाने प्रसन्न होऊन दिलेले दान आणि माणूस म्हणून असलेला हक्क यांतला फरक आपल्या चळवळीने समाजाला शिकवला. अमृतनाकाची कथा पुन्हा लिहायची तर तिचा शेवट दरबारात करता येणार नाही. तो वतनाच्या होळीपर्यंत न्यावा लागेल.

हे शक्य आहे, याची साक्ष अण्णा भाऊ साठे यांच्या ‘फकिरा’ने (१९५९) दिली. जोगणीसाठी रानोजीने दिलेला प्राण, रात्रीचे हल्ले, घोड्यावरचा वीर : रोमहर्षक कादंबरीचे सगळे सामान तेथे आहे. पण फकिराच्या दंडावर राजवंशाची खूण निघत नाही. तो मांगवाड्यातला आहे आणि शेवटपर्यंत मांगवाड्यातलाच राहतो. उपाशी माणसांसाठी तो लुटतो. अण्णा भाऊंनी ही कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली.

अमेरिकेतील कृष्णवर्णीय लेखिकांनीही हेच केले. ऑक्टेव्हिया बटलर यांच्या ‘किंड्रेड’मध्ये (१९७९) विसाव्या शतकातील काळी स्त्री अकल्पितपणे गुलामगिरीच्या काळातल्या मळ्यावर ओढली जाते आणि परतते ती एक हात गमावून. टोमी अडेयेमी यांची ‘चिल्ड्रन ऑफ ब्लड अँड बोन’ (२०१८) तर नेमकी तरुणांसाठीच आहे. तिथली जादू एका दडपलेल्या जमातीची आहे. त्या जमातीवर जबर कर आहेत आणि कर थकला तर वेठ आहे. नायिका राजपुत्राच्या प्रेमात पडते, पण त्या प्रेमाने जुलूम संपत नाही. म्हणजे दोष अद्भुताचा नाही. अद्भुत कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न आहे.

बलुतं, उपरा, आठवणींचे पक्षी यांनी आपल्याला साक्ष द्यायला शिकवले. ती साक्ष अजून संपलेली नाही. पण ज्या पूर्वजांनी काही लिहून ठेवले नाही, त्यांची साक्ष कल्पनेशिवाय कोण देणार? शिक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनी मुलामुलींच्या हातातली पुस्तके हिसकावू नयेत. प्रत्येक पुस्तकाला तीन प्रश्न विचारायला शिकवावे. या किल्ल्याचा दगड कोणी वाहिला? नायकाची योग्यता त्याच्या कामातून आली की जन्मातून? आणि शेवटी जे मिळाले ते दान होते की हक्क? हे प्रश्न विचारणारी मुलगी वाचता वाचता एक दिवस लिहू लागेल. तिच्या कादंबरीत रात्र असेल, चोरवाट असेल, जिवावरचे प्रेमही असेल. मशाल धरणारा मात्र तेथे मुकाट्याने मरणार नाही.